गाव, राव आणि दहावा वाटा

'गाव करी ते राव ना करी' ही म्हण आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसाच्याही तोंडी असते. ती घडली त्या काळी गाव आणि राव या दोन निरनिराळ्या शक्ती होत्या. रावाजवळ खजिना, शिपाई आणि शिक्का. गावाजवळ माणसांचे हात आणि एकमेकांची लाज. रावाला जे हुकमाने साधत नसे ते गाव या लाजेच्या बळावर साधून घेत असे. आज मात्र या म्हणीचा अर्थ लावताना अडखळायला होते. कारण जे जे गावाने करावे असे आपण मानतो, ते सर्व आता रावाच्या पैशाने होते. समाजमंदिर, गटार, पाण्याची टाकी, शाळेची वाढीव खोली, स्मशानातली शेड, यांतील कोणत्याही कामासमोर उभे राहिले की एक पाटी दिसते. तिच्यावर योजनेचे नाव, अंदाजपत्रकी रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि ज्यांच्या शुभहस्ते काम झाले त्यांचे नाव ठसठशीत असते. गावाचे नाव असते ते पत्त्यापुरते. मग दोन पावसाळे गेले, टाकी गळू लागली, म्हणजे तिच्या सावलीत बसलेली माणसे म्हणतात, "सरकारची टाकी गळते आहे."

टाकी गावाची कशी होईल, हा माझ्या मते आजच्या ग्रामविकासातला मूळ प्रश्न आहे. तो वरवर पाहता हिशेबाचा वाटतो, पण आहे नीतीचा. दुसऱ्याच्या पैशाने उभी राहिलेली वस्तू माझी केव्हा होते? पैसा दुसऱ्याचा आहे हे तरी खरे आहे का? आणि ती माझी व्हावी म्हणून मी काही दिलेच पाहिजे, असे मला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

आधी आपला शब्दच पाहू. सरकारकडून येणाऱ्या पैशाला आपण 'अनुदान' म्हणतो. या शब्दाच्या पोटात 'दान' बसलेले आहे, आणि ते गुपचूप आपले काम करीत असते. दानात देणाऱ्याला पुण्य असते आणि घेणाऱ्याला मिंधेपण. दानात मिळालेल्या वस्तूची चौकशी करायची नसते. तशी केली तर 'धर्माची गाय अन् दात का नाय' असे म्हणून चारचौघे हसतात. ग्रामसभेत एखाद्याने उठून गटाराच्या काँक्रीटमध्ये सिमेंट किती पडले असे विचारले की इतरांच्या चेहऱ्यांवर जे हसू उमटते, ते याच म्हणीतले असते. मिळाले आहे ते घ्या, विचारता काय! या हसण्यात ठेकेदाराचे सर्व संरक्षण सामावलेले आहे.

खरे तर ही गाय धर्माची नव्हे. रोज मोलमजुरी करणारी बाईसुद्धा काड्याची पेटी, साबण आणि चपला विकत घेताना कर भरते. शेतकरी पंपात डिझेल ओततो तेव्हा कर भरतो. तो पैसा बंगळूर, मुंबई, पणजी आणि दिल्लीची वारी करून परत आलेला असतो. तेव्हा 'आमचाच पैसा आम्हाला मिळाला' असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. डोंगराच्या कुशीतल्या चाळीस घरांच्या वाडीला रस्ता करायला जो खर्च येतो, तेवढा कर त्या चाळीस घरांनी जन्मात भरलेला नसतो. तो कोठल्या तरी गिरणीने, बंदराने, कारखान्याने भरलेला असतो. म्हणजे हे दान नव्हे आणि स्वकमाईही नव्हे. एका मोठ्या कुटुंबात सगळ्यांची कमाई एका पेटीत पडते आणि जो अडचणीत असेल त्याला त्यातून मिळते, तशातला हा प्रकार आहे. याला आपल्या भाषेत अगदी साधा शब्द आहे, तो म्हणजे वाटा. वाट्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. पण वाट्याचा हिशेब मात्र सख्खा भाऊ सख्ख्या भावाला विचारतो.

स्वतंत्र भारताच्या सरकारने गावाच्या दारात पाऊल टाकले ते मात्र वाटेकऱ्याच्या नव्हे, गुरुजींच्या भूमिकेतून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी गांधीजयंतीचा मुहूर्त साधून ५५ ठिकाणी समुदाय विकास प्रकल्प सुरू झाले. गट पाडले गेले, गट विकास अधिकारी आले, ग्रामसेवक आले. लोकांच्या उत्साहातून विकास व्हावा अशी कल्पना होती, परंतु उत्साहाचे वेळापत्रक वरून येत होते. पाच वर्षांतच बळवंतराय मेहता यांच्या समितीला ही योजना कितपत साधली ते पाहायला सांगावे लागले. नोव्हेंबर १९५७ मध्ये समितीने जो अहवाल दिला त्याचा गाभा हाच होता, की लोकांमधून पुढाकार उभा राहिला नाही, आणि लोकांनी निवडलेल्या संस्थांच्या हाती खरी सत्ता व पैसा दिल्याशिवाय तो राहणारही नाही. त्यातूनच २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे पंचायत राज्याचा आरंभ झाला आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. आपल्या सीमाभागाची गंमत अशी, की योजना आखली गेली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तिचे अपयश मोजले गेले तेव्हा म्हैसूर राज्यात. राव बदलला, गावापुढचा प्रश्न तोच राहिला.

सरकारचा पैसा नसताना गाव आपले काम कसे करीत असे, हे पाहायचे तर फार लांब जायला नको. चोर्ल्याचा घाट उतरला की पुरे. गोव्याच्या गावकाऱ्या, म्हणजेच पोर्तुगीजांच्या भाषेतल्या कोमुनिदादी, ही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गावसंस्थेची एक फार जुनी आणि फार पक्की घडण. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून ती चालत आली होती. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने तिचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणून तिचा लेखी पुरावाही मिळतो. गावची जमीन कोणा एकाची नसून गावकारांच्या समूहाची. शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसायला द्यायची. जे उत्पन्न येईल त्यातून आधी बांध, मानशी, वाटा, देऊळ आणि गावकामगार यांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकारांत वाटायचे. मानस म्हणजे खाडीच्या पाण्याला अडवणारे आणि शेतातले पाणी बाहेर सोडणारे लाकडी दार. मांडवी आणि जुवारी यांच्या काठची सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन या बांधांच्या आणि मानशींच्या भरवशावर समुद्राच्या पातळीखाली राहूनही भात पिकवीत आली. एका रात्री बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि पुढली काही वर्षे जमीन नासते. त्यामुळे बांध कोणाचा, हा प्रश्न तिथे कोणी विचारीत बसत नसे. बांध फुटल्याचा तोटा ज्याच्या वाट्याला यायचा, त्याच्याच हातात बांधाचा पैसा होता. व्यवस्थेचे सारे शहाणपण एवढ्यात आले.

परंतु हे कौतुक इथेच थांबवून पुढे जाणे बरोबर होणार नाही. गावकार कोण? मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांचे पुरुष वंशज. त्यांच्या बायका-मुली नव्हेत. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहिलेला मुंडकार नव्हे. चिखलात उभे राहून बांधाला माती लावणारा मजूर तर नव्हेच. गाव आपले काम आपण करीत होते हे खरे. पण त्या 'आपण'मध्ये गावातली बरीचशी माणसे बसत नव्हती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पाठोपाठ निवडलेल्या पंचायती आल्या, १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. हा न्यायच होता, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांच्या ओळीत मी उभा राहणार नाही. मात्र न्याय झाला त्याच वेळी बांधाची जबाबदारी गावकारीकडून सुटून कुळांच्या संघटनांकडे आली, आणि बांध दुरुस्तीसाठी सरकारी मदतीकडे पाहण्याची सवय जडली. जिथे शेती परवडेनाशी झाली, तिथे बांध फुटणे हे काहींना मासळीच्या दृष्टीने सोयीचेही वाटू लागले. आज तिथे एकाच गावात गावकारीही आहे, पंचायतही आहे आणि कुळांची संघटनाही आहे. आणि मानस कुजली तर तीन दारे ठोठवावी लागतात.

म्हणजे पेच असा. जुनी संस्था खरोखर 'आपली' होती, पण थोड्यांची. नवी संस्था सर्वांची आहे, पण कोणालाच आपली वाटत नाही. जे लोक 'पूर्वीचे गाव कसे एकजुटीने चालायचे' असे म्हणून सुस्कारा सोडतात, त्यांना त्या एकजुटीबाहेर कोण उभे होते ते विचारले पाहिजे. आणि जे लोक कायद्याने प्रत्येकाला मत दिले म्हणजे काम संपले असे मानतात, त्यांना टाकीखालच्या माणसांचे बोलणे ऐकवले पाहिजे.

या पेचातून वाट काढण्यासाठी सरकारने जो उपाय योजला तो म्हणजे लोकवर्गणी. माणूस ज्यात स्वतःचा पैसा घालतो ते जपतो, हा विचार. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या स्वजलधारा योजनेत पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा दहावा वाटा गावाने द्यावा असे ठरले. महाराष्ट्रातल्या जलस्वराज्य प्रकल्पातही लोकवर्गणी होती. २०१९ साली आलेल्या जल जीवन मिशनमध्येही गावातल्या कामाच्या खर्चापैकी १० टक्के, आणि डोंगराळ व वनभागातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के, एवढा गावाचा वाटा, मग तो पैशाने, वस्तूने किंवा श्रमाने, धरला गेला. कागदावर विचार निर्दोष आहे.

प्रत्यक्षात काय होते, ते खेड्यात राहणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको. काम लवकर सुरू व्हावे अशी घाई सर्वांनाच असते. वर्गणी गोळा करायला घरोघर फिरावे लागते, भांडणे होतात, वरच्या आळीने दिले आणि खालच्या आळीने दिले नाही असे होते. मग एक दिवस ती रक्कम बँकेत भरलेली दिसते. कोणी भरली? ठेकेदाराने. त्याने ती कोठून आणली? अर्थातच अंदाजपत्रकातून, म्हणजे नळ थोडा हलक्या प्रतीचा घालून आणि चर एक हात कमी खोदून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावे तसा हा गावाचा वाटा सरकारच्या पैशातूनच भरला जातो आणि गाव कागदोपत्री वाटेकरी होते. यात ठेकेदाराला लबाड म्हणणे सोपे आहे. परंतु त्या दिवशी गावाने काय विकले, याचा विचार कोणी करीत नाही. दहा टक्के वाचले खरे. पण चर किती खोल गेला हे विचारण्याचा नैतिक अधिकारही त्याच व्यवहारात गेला. ज्याने आपली वर्गणी भरली त्याला जाब कसा विचारायचा?

आता या उपायावर एक आक्षेप आहे आणि तो मला वजनदार वाटतो. शहरातल्या माणसाला कोणी लोकवर्गणी मागत नाही. टिळकवाडीत नवे गटार झाले तेव्हा घरोघरी जाऊन कोणी दहावा हिस्सा मागितला नाही. रस्ता डांबरी झाला तेव्हा कोणी कुदळ घेऊन श्रमदानाला बोलावले नाही. शहरी माणूस घरपट्टी भरतो हे मान्य, पण उड्डाणपूल काही त्या घरपट्टीतून होत नाही. मग ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे, त्यालाच 'तुझी आपुलकी सिद्ध कर' असे का सांगायचे? श्रमदानाचीही तीच कथा. फोटोत सर्वजण टोपली उचलताना दिसतात. पण नालाबांध झाला, विहिरींना पाणी वाढले, ते पाणी कोणाचे? ज्याची विहीर त्याचे. ज्याला गुंठाभरही जमीन नाही त्याने दिवसभराची मजुरी बुडवून दुसऱ्याची विहीर भरली, आणि आपण त्याला सामुदायिक भावना म्हणून टाळ्या वाजवल्या. जुन्या काळी याला वेठ म्हणत.

या आक्षेपाला केवळ युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. उत्तर मिळाले ते पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळानंतर. विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा जो प्रयोग मांडला, त्यात त्यांनी पाण्याचा संबंध जमिनीशी तोडून माणसाशी जोडला. पाणी मिळायचे ते कुटुंबात माणसे किती यावर. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही, कारण एकाचा ऊस म्हणजे चौघांची ज्वारी. खर्चाची वाटणीही लक्षात घेण्यासारखी होती. सुमारे निम्मा भाग सरकारी अनुदान, वीस टक्के सभासदांनी स्वतः आधी भरायचे आणि राहिलेले संस्थेकडून बिनव्याजी कर्ज म्हणून घेऊन फेडायचे. म्हणजे तिथे दहावा नव्हे, पाचवा वाटा मागितला गेला, तोही दुष्काळाने पिचलेल्या माणसांकडे. पण देणाऱ्याला आपण काय विकत घेतो आहोत ते ठाऊक होते. त्याच्या पैशाच्या मोबदल्यात त्याला पाण्यावरचा मोजता येणारा हक्क मिळत होता, आणि वाटप कसे करायचे ते ठरवणाऱ्या बैठकीत त्याची जागा होती.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. सरकारचा पैसा गावात आला म्हणजे गावाचे गावपण नासतेच, ही समजूत खरी नाही. पाणी पंचायतीत निम्मे अनुदान होतेच. आणि हक्क न देता मागितलेली वर्गणी ही वर्गणी नसून पट्टी आहे. ती चुकवण्याची वृत्ती गावाने दाखवली तर तिला नुसती लबाडी म्हणून मोकळे होता येणार नाही. हा प्रयोग साऱ्या महाराष्ट्रभर का पसरला नाही, याचेही उत्तर यातच आहे. ज्याच्या शेतात विहीर आहे आणि ज्याच्या हाती सोसायटी आहे, त्याला माणशी अर्धा एकर हा हिशेब कसा मानवावा?

आता पंचायतीकडे वळू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. अकराव्या परिशिष्टात २९ विषय लिहून ते पंचायतींकडे सोपवता येतील असे म्हटले गेले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला खासदारांच्या स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी पाच लाख, पुढच्या वर्षापासून एक कोटी, २०११ पासून पाच कोटी. एका हाताने गावाला सांगितले की तुझा विकास तू ठरव, आणि दुसऱ्या हाताने खासदाराला सांगितले की गावाचा विकास तू सुचव. समाजमंदिर हवे की मुलींच्या शाळेत संडास हवा, हे कोणी ठरवायचे याचे उत्तर आजही पहिल्या हातापेक्षा दुसऱ्या हाताकडे अधिक असते. ज्याच्या हातून पैसा येतो त्याच्याभोवती माणसे जमतात. यात नवल काही नाही.

पंचायतीला पैसा येत नाही असे आता म्हणता येणार नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ग्रामपंचायतींकरिता दोन लाख कोटींहून अधिक रक्कम ठेवली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या रकमेपैकी ६० टक्के भाग मात्र पाणी आणि स्वच्छता यांच्याशीच बांधून टाकला. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची नाहीत असे कोण म्हणेल? पण ज्या गावाची मुख्य अडचण पावसाळ्यात तुटणारा साकव ही असेल, त्याने काय करावे? या साऱ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. पंचायतींच्या हाती येणाऱ्या शंभर रुपयांपैकी सुमारे ऐंशी केंद्राकडून आणि पंधरा राज्याकडून येतात. पंचायतीने स्वतः करातून उभा केलेला पैसा जेमतेम एक रुपया. दहाव्या वाट्याची गोष्ट दूरच, हा शंभरावा वाटा झाला. सरपंचाला हे कळत नाही असे नाही. पण घरपट्टीची थकबाकी मागायला तो ज्या दारात जाईल, त्याच दारात त्याला मत मागायला जायचे असते. आणि अनुदान मागायला तालुक्याला गेले तर कोणी नाराज होत नाही. शंभरातले सुमारे पंच्याण्णव रुपये वरून येत असले की माणसाची मानही वरच वळते, खाली ग्रामसभेकडे नव्हे.

कर्नाटकात एकदा याहून वेगळी वाट धरली गेली होती, तिची आठवण ठेवली पाहिजे. १९८३ चा कायदा आणि १९८७ च्या निवडणुका यांतून जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायती यांना खरी सत्ता, कर्मचारी आणि पैसा देण्यात आला. स्त्रियांना पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, त्याही घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. ग्रामविकास मंत्री अब्दुल नझीर साब यांचा तो ध्यास होता. गावोगाव कूपनलिका खोदल्यामुळे लोक त्यांना 'नीर साब' म्हणत. १९८८ साली ते वारले. मुदत संपल्यावर नव्या निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले, आणि १९९३ च्या नव्या कायद्याने सर्व पुन्हा मांडले गेले. दिलेली सत्ता किती सहज परत घेता येते, याचा तो धडा होता.

आता ज्या गोष्टीचा मला अनेक वर्षे विचार करावासा वाटतो, ती सांगतो. आपल्या बेळगाव तालुक्यातल्या गावांत कित्येक वर्षांच्या खंडाने लक्ष्मीयात्रा भरते. तिच्यासाठी कोणाचे अनुदान नसते. घरटी वर्गणी ठरते, पंच कमिटी बसते, माहेरवाशिणींकडूनही पैसे येतात, पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा मनिऑर्डरच्या काळातही पाठवीत होता आणि आता मोबाइलवरून पाठवतो. ज्या घराने पाच वर्षे घरपट्टी भरलेली नसते, ते घर यात्रेची वर्गणी उसनवारी करून भरते. यात्रा संपली की देवळात जमाखर्च वाचला जातो आणि लहानसहान खर्चावरही प्रश्न उठतो. हीच माणसे. हेच गाव. मग गटाराला काय झाले?

देवाची भीती आहे म्हणून, असे उत्तर शहरी माणूस देतो. मला ते अपुरे वाटते. यात्रेत काय करायचे हे गाव ठरवते, केव्हा करायचे हे गाव ठरवते, पैसा कोणाजवळ ठेवायचा हे गाव ठरवते, आणि हिशेब गावाला कळेल अशा भाषेत उघड्यावर वाचला जातो. गटाराच्या बाबतीत यांतले एकही गावाच्या हाती नसते. यात्रा आदर्श आहे असे मात्र मी म्हणत नाही. पंच कमिटीत कोणत्या घराण्याचे लोक बसतात, देवीच्या गाड्याला कोणाचा हात लागतो आणि कोणाला लांबून पाहावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. गावकारीची भिंत इथेही आहेच.

हिशेबाच्या भाषेचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा, आणि तो अभिमानाच्या नव्हे तर व्यवहाराच्या अंगाने मांडायला हवा. मराठी बोलणाऱ्या गावात पंचायतीचे अंदाजपत्रक, ठराव आणि मोजमाप-वही कन्नडात असते. ग्रामसभेत कागद घडाघडा वाचला जातो, माणसे माना डोलावतात आणि अंगठे उठतात. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड गावांची गत याच्या अगदी उलट आणि म्हणून अगदी तीच; तिथे कागद मराठीत असतात आणि माना डोलावणारी माणसे कन्नड असतात. दोन्हीकडे या दोन भाषांच्या मध्ये एक मनुष्य उभा राहतो. त्याला कागदही वाचता येतो आणि माणसेही वाचता येतात. तो कधी सदस्य असतो, कधी ठेकेदाराचा मेहुणा, कधी नुसताच कार्यकर्ता. अनुदानाचा सर्वांत मोठा लाभार्थी बहुधा तोच. भाषेच्या हक्कासाठी आपण मोर्चे पुष्कळ काढले. पण ग्रामसभेत जमाखर्चाचा एक कागद दोन्ही भाषांत भिंतीवर चिकटवा, अशी मागणी करणारी गावे बोटांवर मोजण्याइतकीच दिसतात. ती मागणी कोणत्याही राज्याच्या विरुद्ध नाही, आणि तिच्यासाठी कोणत्याही आयोगाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

येत्या काही वर्षांत हा सारा प्रश्न एका ठिकाणी येऊन टेकणार आहे, आणि ते ठिकाण म्हणजे अंगणातला नळ. नळ घरोघर पोचवण्यासाठी वरून पैसा आला; पण मोटारीचे वीजबिल, जळालेले वाइंडिंग, ब्लिचिंग पावडर आणि पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या वॉटरमनचा पगार महिन्याच्या महिन्याला लागतो, आणि तो पाणीपट्टीतूनच यायचा आहे. पट्टी किती? ज्याच्या दारात सिंटेक्सची टाकी आणि स्वतःची मोटर आहे त्याला आणि दोन घागरी भरणाऱ्या एकट्या म्हातारीला सारखीच? वरच्या आळीला पाणी चढत नसेल तर तिने भरावी का? थकबाकीदाराचा नळ तोडायचा ठरला तर पहिला कोणाचा तोडायचा? हे प्रश्न कोणत्याही परिपत्रकात सुटलेले नाहीत, आणि ते तिथे सुटू नयेत हेच बरे. ते ग्रामसभेत सुटायचे आहेत. ग्रामसभा सकाळी अकराला बोलावली तर म्हातारी आणि तिच्यासारख्या साऱ्याजणी त्या वेळी भांगलणीला गेलेल्या असतात. संध्याकाळी सातला बोलावली तर त्या येऊ शकतील.